मीच माझं नाव पुकारलं

आबा,

सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. मध्ये चहा ठेवला, तो उतू गेला. मग गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे उगाचच उलटेसुलटे केले. सभागृह सोमवारी भरणार म्हणून धुळ्याला आले खरी, पण जीव तिकडेच अडकलाय. फोन वाजला की धावते आणि हवा तो फोन नसला की समोरच्यावर खेकसते. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तुमची मुलगी आता राज्याच्या वरच्या सभागृहात आमदार आहे. सभापती बैठकीला किंवा जेवायला उठले की त्यांच्या जागी बसून कामकाज चालवायला काही सदस्य आधीच नेमलेले असतात, त्यांना तालिका सभापती म्हणतात. त्यांत मी एक आहे. हसू नका.

त्या उंच खुर्चीवर बसलं की काम सोपं दिसतं. समोर दिवसाच्या कामकाजाचा कागद असतो, त्याप्रमाणे एकेक विषय पुकारायचा. लक्षवेधी सूचना म्हणजे आमदारानं आपल्या भागातलं दुखणं लेखी द्यायचं, मंत्र्यांनी त्यावर निवेदन करायचं आणि मग आमदारांनी त्यांना प्रश्न विचारायचे. आपण नाव घ्यायचं, लांबण लावणाऱ्यासाठी घंटा वाजवायची, दोघं एकदम उभे राहिले तर एकाला बसवायचं, अगदीच गोंधळ झाला तर बैठक दहा मिनिटं तहकूब करायची. स्वतः मात्र काही मत द्यायचं नाही. मला हे जमतं. जरा जास्तच जमतं. एक जुने सदस्य मला विचारतात, "मॅडम, घरीपण घंटा ठेवली आहे का?" त्यांना काय सांगू, घंटेशिवाय सभा चालवणारा माणूस मी लहानपणापासून पाहिलाय.

रविवारी सकाळी वंदना झाली की आपल्या वस्तीची सभा विहारातच सतरंजीवर बसायची. तुम्ही गिरणीची रात्रपाळी करून आलेले असायचात, डोळे लाल, पण सदरा धुतलेला. तुमचा एकच नियम होता. दाराशी बसलेल्या शेवटच्या माणसाचं बोलून होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. कुणी मध्येच तोंड घातलं की तुम्ही नुसता तळहात वर करायचात आणि भलेभले गप्प बसायचे. मला त्या हाताचा केवढा अभिमान होता! मी खिडकीपाशी उभी राहून बघायची. मग ती नळाची सभा झाली. नगरपालिकेनं वस्तीला एकच सार्वजनिक नळ मंजूर केला होता आणि तो आपल्या गल्लीत बसवायचा की विहिरीकडच्या, हे ठरवायचं होतं. सगळे बोलले, दाराशी बसलेली म्हातारीसुद्धा बोलली. विहिरीकडच्या गल्लीची माणसं जास्त आली होती. तुम्ही हात मोजले, निकाल सांगितलात आणि स्वतः एक अक्षर बोलला नाहीत.

आई त्या सभेत नव्हती. ती घरी सभेचा चहा करत होती, लांबून भरून आणलेल्या पाण्याचा. दर सभेचा चहा आपल्याच घरून जायचा, त्यामुळे तिची पाळी कधी आलीच नाही, आणि हे तुमच्या कधी ध्यानातही आलं नाही. त्या दिवशी कपबशा विसळता विसळता ती म्हणाली, "बठ्ठासले बोलू दिधं तुम्हीन. मन्हासाठे कोन बोलनार व्हतं?" सगळ्यांना बोलू देणारे तुम्ही कोनाड्यातल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत म्हणालात, "खुर्चीवर बसेल मानूस बोलना ते बठ्ठा त्यानाच तोंडकडे देखतस. मंग आपलं मन कोन्हीच सांगत नही." बरोबर होतं हो तुमचं. मी हे वाक्य पुढे वर्गात सांगितलं, भाषणांत सांगितलं, टाळ्या घेतल्या. आणि तरी आई कंबर धरून उठायची तेव्हा मला तुमचा राग यायचा. अजून येतो.

या गुरुवारी काय झालं ते ऐका. सोनगीरच्या पुढे एक गाव आहे. तिथे पाण्याची टाकी बांधून रंगवून तयार आहे, टाकीवर योजनेचं नाव आहे, आत पाणी नाही. तिथल्या बाया नरडाण्याला कामाला जायच्या आधी मैलभर जाऊन पाणी आणतात. त्यावर मी लक्षवेधी दिली होती. नेमके सभापती बैठकीला उठले आणि मला वर बसवलं. विषय भराभर पुढे सरकत होते, मी कागदावर खूण करत नावं घेत होते आणि सवयीनं तशाच कडक आवाजात मीच माझं नाव पुकारलं. वर "सन्माननीय सदस्या" म्हणाले आणि खाली माझ्याच रिकाम्या बाकाकडे वाट बघत बसले. सगळं सभागृह हसलं. मलाही हसू आलं. पण सूचनेवर माझ्याबरोबर सही केलेले सदस्य उठले, त्यांनी दोन मिळमिळीत प्रश्न विचारले, मंत्री म्हणाले की काम प्रगतिपथावर आहे, आणि माझं हसू आटलं. ते काम कुठे अडलंय हे मला पाठ होतं. पण खुर्चीवरून ते सांगता येत नव्हतं. उत्तर समाधानकारक नसलं की सूचना राखून ठेवण्याचा अधिकार खुर्चीला असतो. मी तो वापरला आणि विषय शुक्रवारवर नेला. लगेच समोरून हरकत आली, "स्वतःच्याच सूचनेवर स्वतःच निर्णय देता?" मी घंटा वाजवून पुढचा विषय पुकारला.

संध्याकाळी आमच्या गटनेत्यांनी बोलावलं. उपसभापतिपदासाठी माझं नाव चाललंय हे तेव्हा पहिल्यांदा उघड बोलले. "उद्या त्या विषयाला तुम्हीच वर बसा. राखून ठेवलंत तसं शांतपणे निकालात काढा. एकदा खाली उतरून मंत्र्यांशी भांडलात तर मग निःपक्षपाती म्हणून तुमचं नाव कोणत्या तोंडानं पुढे करू?" मला ते पद हवं आहे, आबा. आपल्या वस्तीतली बाई त्या खुर्चीवर कायमची बसलेली मला बघायची आहे, आणि ती बाई मीच असावी असंही वाटतं. खुर्चीवरच्यानं बोलू नये, हे तुमचं वाक्य मी रात्रभर स्वतःला समजावत होते. सोयीचं होतं ना.

शुक्रवारी विषय जवळ आला तशी मी सचिवांना चिठ्ठी पाठवली, दुसऱ्या तालिका सभापतींना बसवा. खाली बाकावर आले. आणि मग असं बोलले की सांगायची सोय नाही. टाकी रंगवायला पैसे होते आणि पाइप जोडायला नव्हते का, हंडा डोक्यावर घेणारीला इथे कधी बोलावलंत का, तिची पाळी कधी येणार! घंटा वाजली, मी थांबले नाही. जिनं आजवर इतक्यांना खाली बसवलं तिला शेवटी खुर्चीनं नाव घेऊन खाली बसवलं. माझी दोन वाक्यं कामकाजातून काढून टाकली. मंत्र्यांनी महिनाभरात पाणी सोडण्याचं आश्वासन दिलं. त्या गावातल्या एका बाईचा काल फोन आला, "ताई, बठ्ठा गावनी तुमले टीव्हीवर देखं. पन पानी कवय ई?" पाणी कधी येईल ते मंत्र्यांनाच ठाऊक. गटनेत्यांचा फोन मात्र आलेला नाही. बहुधा येणार नाही.

लोक म्हणतात, गावासाठी पदावर पाणी सोडलं. मी मान डोलावते. पण काढून टाकलेल्या वाक्यांतलं एक तुम्हाला सांगते. "तुम्ही न्यायानं वागला असाल, पण तुमच्या न्यायात ती बाई कुठे होती?" मंत्री गोंधळून बघत राहिले, कारण न्यायाचा विषयच निघाला नव्हता. हे पत्र तुम्ही असतात तरी तुम्हाला दाखवलं नसतं. तो प्रश्न त्यांना नव्हताच, आबा.