माश्यांमधला पंक्तिप्रपंच

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. पत्र लिहायला का बसले ते आधी सांगते: तुझ्या लेकीला मोठा शोध लागलेला नाही. लागला असं तू सासर-माहेर, शेजारपाजार सगळीकडे कळवून मोकळी झाली आहेस, म्हणून हे लेखी. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस.) तुझे गुडघे बरे असतील, भावोजींचा खोकला उतरला असेल. नसेल तर घरगुती उपाय पुरे, त्यांना डॉक्टरकडे ने. मी ठणठणीत.

जनुकांवर संशोधन करणाऱ्या या गटात मी सव्वीस वर्षं तंत्रज्ञ आहे, पण मी नेमकं काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. मी फळांवरच्या माश्या सांभाळते. (हो, केळ्यांवर घोंघावतात त्याच. तू त्यांना फडक्याने हाणतेस, मी जेवू घालते.) मक्याचं पीठ, यीस्ट आणि साखर शिजवून त्याची खळ काचेच्या नळीच्या तळाशी ओतायची, वर माश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचं बूच, आणि दर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना नव्या नळीत हलवायचं. शिस्तीचं काम. तारीख घातली नव्हती म्हणून मी आमच्या गटप्रमुख सरांचीसुद्धा नळी त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकली आहे. त्यांनी बोलून बघायचं होतं.

तुझ्या कन्येने इथे येऊन एक जनुक बदललेल्या माश्या तयार केल्या. त्यांचे पाय अधू. त्या लवकर मरतील असं सगळे धरून चालले होते. त्या साध्या माश्यांपेक्षा अकरा दिवस जास्त जगल्या! तीनदा मोजलं, तीनदा तेच. सर खुर्चीतून उठले. (एरवी ते फक्त जेवायला उठतात.) तिचा सगळा प्रबंध त्या अकरा दिवसांवर उभा आहे.

आता माझी करणी. तिसऱ्या दिवसापर्यंत ती खळ पातळ होते. धडधाकट माशी काचेवर चढून बसते. या लंगड्या घसरून खळीत रुततात आणि पाय झाडत राहतात. मला पाहवेना. मी त्यांना रोज नवी नळी देऊ लागले. फक्त त्यांनाच. साध्या माश्यांना नियमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी, त्यांना काय धाड भरली आहे? असं दोन वर्षं. एकीला रोज ताजं, दुसरीला शिळं, आणि मग आम्ही बघतोय कोण जास्त जगतं! आणि हे माझ्या डोक्यात आलंच नाही, अक्का. मी चुका बघत होते ना, इतरांच्या. परवा बैठकीत तिने फळ्यावर 'सर्वांना दर तिसऱ्या दिवशी नवे अन्न' असं लिहिलं आणि तेव्हा कुठे मला माझ्या रोजच्या नळ्या आठवल्या.

गुरुवारी सर हे सगळं छापायला धाडणार. छापून आल्यावर कुणा परक्याने चूक दाखवली तर पोरीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तिला त्याआधी कळायलाच हवं.

बाकी सर्व क्षेम.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं काम हे: तिला तू सांग. माझी जीभ रेटत नाही. (हस खुशाल.) ती जेवायला आली की पोटभर वाढ, मग सांग. तू आई आहेस, तुझ्यावरचा राग उतरेल. माझ्यावरचा उतरेलच असं नाही.

आणखी एक ता. क. वरचा रद्द समज. पाकिटाला गोंद लावत होते, तेवढ्यात तीच आली. "काय गं मावशी, चेहरा का असा?" सांगून टाकलं. ती स्टुलावर बसली. रडली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "साध्यांनाही रोज दिलं असतं तर?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. "मग बघू या. पण आता पंक्तिप्रपंच नको हं, दोघींना सारखं वाढ." सरांकडे दोघी मिळून गेलो. गुरुवार रद्द झाला. प्रबंध वर्षभर लांबला. घरी आली तर तिला काही विचारू नकोस.

आज सोमवार, दुपारी सव्वातीन वाजता तिच्या हाती दिलं ते असं: जास्तीच्या नळ्या कोणत्या दिवशी दिल्या ते टिपलेली माझी वही, पानं एकशे बारा. लंगड्या माश्यांच्या नळ्या चाळीस. साध्या माश्यांच्या चाळीस. सगळ्या आजच भरलेल्या. पोचल्याची सही तिने केली, मी घेतली.