साखळ्या मी ठेवल्या होत्या

प्रिय वीब्रेन,

बुधवारी सकाळी गायींचं दूध काढून झाल्यावर मी अंगणात आपल्या मोटारहोमच्या पुढच्या चाकांना बर्फात लावायच्या साखळ्या चढवल्या. जून महिना, कडक ऊन, गुडघ्याएवढं गवत. शेजारचा औके सायकल थांबवून ओरडला, “काय सीत्से, गवतावरून घसरायला होतंय का?” मी हसलो नाही. साखळी चाकामागून ओढून घेतली, आकडा अडकवला, ताणली, मग दुसरी. दोन्ही चाकांना मिळून अकरा मिनिटं लागली. हात कुठेही अडला नाही. मग मी पायरीवर बसलो आणि बराच वेळ प्रार्थना करायचा प्रयत्न केला. जमली नाही.

तुला आठवत असेल, दर नोव्हेंबरला मी हा सराव करतो म्हणून सगळं गाव माझी थट्टा करायचं. आपल्या सपाट मुलखात टेकडी बघायची तर समुद्राच्या बांधावर चढावं लागतं, आणि हा साखळ्या बांधतोय! पण हिवाळ्याच्या सहलीत आल्प्समध्ये बर्फात उभं राहून पहिल्यांदा शिकता येत नाही, हे बाबांनी शिकवलं होतं. सराव झाला की साखळ्या मेणकापडात गुंडाळून, दुहेरी गाठ मारून, तारखेची चिठ्ठी खोचून मागच्या कप्प्यात ठेवायच्या. गेल्या वर्षीही मी तसंच केलं. निदान मला तसं आठवत होतं.

फेब्रुवारीत घाटाच्या पायथ्याशी तो निळा फलक आला, साखळीवाल्या चाकाचा. लोक गाड्या कडेला घेऊन साखळ्या चढवत होते. मी कप्पा उघडला, तर त्या जागी तुझं बटाट्यांचं पोतं. ऑस्ट्रियातही घरचेच बटाटे न्यायची आपली खोड. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी सगळं सामान बाहेर काढलं. तू शेजारी उभा होतास. मला वाटतं, तू हातमोजे घालत होतास. म्हणालास, “दादा, या वेळी विसरलास वाटतं.” आणि मग हळूच, पण आईला ऐकू जाईल इतकं, “बाबांचं असंच सुरू झालं होतं.”

पुढं तीनच किलोमीटर आहेत, सावकाश जाऊ, असं तूच म्हणालास. मी नको म्हटलं नाही. नुकताच विसराळू ठरलेला माणूस नको कसं म्हणणार? तिसऱ्या वळणावर गाडी मागं घसरून नाल्यात कलंडली आणि आईचा खुबा मोडला.

तेव्हापासूनचे चार महिने मी कसे काढले, ते तुला माहीत आहे, कारण तू दर रविवारी येऊन बघत होतास. तूच म्हणालास, “एकदा डॉक्टरांना दाखव, दादा.” त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. शब्द पाचही सांगितले, तरी माझा विश्वास बसेना. चर्चमधलं शास्त्रवाचन मी सोडलं. एखादी ओळ गाळेन अशी भीती. आईनं शेगडीवर चिठ्ठी चिकटवली, “सीत्से, गॅस बंद केलास?” ती कुबडीवर टेकून माझ्यामागे स्वयंपाकघरात येते, बटण चाचपून जाते. तिला वाटतं, मला दिसत नाही.

या सोमवारी शिडी मागायला तुझ्याकडे आलो. तू बाजाराला गेला होतास. तुझ्या कोठारात, शिडीच्या मागे, मेणकापड होतं. माझी गाठ. माझ्या अक्षरातली तारीख. यित्स्केला विचारलं तर ती बिचारी सहज म्हणाली, “गाडी वजनकाट्यावर घातली तर वीस किलो जास्त भरली ना, भाऊजी. म्हणून यांनी काढून ठेवल्या. मला वाटलं, तुम्हा दोघांचं ठरलंय.”

साखळ्या काढल्यास, ते मी समजू शकतो. वजन जास्त भरलं की दंड होतो. फलकापाशी घाबरून गप्प राहिलास, तेही कदाचित. पण वीब्रेन, मी डॉक्टरांकडे निघालो तेव्हा तू मला चढवायला माझा कोट धरून उभा होतास.

तीन रात्री मी स्वतःला विचारलं, की भावाचं ओझं मुकाट्यानं वाहणं हेच ख्रिस्ताला आवडेल का? तसं वाटायचंही. मग आई सकाळी पुन्हा कुबडी टेकत शेगडीपाशी येताना दिसायची. माझ्या गप्प राहण्याचं ओझं तीच वाहत होती.

हे पत्र एवढ्यासाठी की रविवारी दारात पाऊल टाकण्याआधी तुला ठाऊक असावं. काल दुपारी मी आईसमोर बसलो आणि म्हणालो, “आई, मी विसरलो नव्हतो.” तिनं कुबडी भिंतीला टेकवली. मग तिनं विचारलं, “मग कोणी काढल्या?”

मी तुझं नाव सांगितलं.

तुझाच, अजून तरी,
सीत्से