हुदाबाईंचा वाडगा

कॅलगरी

अहो,
कसब्यातल्या आपल्या देवांना आणि तुम्हाला नमस्कार.

इथे फोन स्पीकरवर असतो, म्हणून पत्र. काळजीचं काही नाही. नात गुटगुटीत झालीय, अवधूत आणि सूनबाई मला जपतात. बर्फामुळे बाहेर पडता येत नाही, एवढंच.

समोरच्या सुदानी हुदाबाई बाळ बघायला आल्या, तेव्हा त्यांनी वाडगाभर खजूर आणले. रिकामं भांडं कसं परत करायचं? मी शिरा घालून दिला. दुसऱ्या दिवशी वाडगा पुन्हा भरून दारात! त्यांच्यातही आपल्यासारखीच रीत असणार. एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण वाडगा काही थांबत नाही.

अवधूत म्हणतो, "आई, एकदा रिकामा दे, म्हणजे सुटशील." त्याला काय सांगू? दिवसभरात माझ्यासाठी तेवढं एकच दार उघडतं.

तुम्ही वेळेवर जेवता ना? खानावळीच्या डब्याला नावं ठेवा, पण जेवा.

माझं परतीचं तिकीट मुलांनी पुढे ढकललंय. मला विचारलं नाही. "माझे गुडघे दुखतात, हिला पाठव," असं अवधूतला कळवा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, माहीत आहे. आता शिका.

हे पत्र वाडग्यात, शंकरपाळ्यांखाली ठेवून देते आहे. पोस्टात टाका, असं हुदाबाईंना खुणेने सांगितलंय.

तुमची,
हेमा