न्यायाधीश अब्वोली

३ मार्च
आली एकदाची माझी वकिलीण! लाकेर नाव. अजून कॉलेजात शिकतेय, पण कोर्टाने अपील चालवायची परवानगी दिलीय — सर नुसते मागे बसणार. एवढीशी पोर, आणि माझी केळीची बाग हिच्या हातात! गावच्या पंचांनी ती दिराला देऊन टाकली. बागेत ह्यांची कबर आहे.

पोरीला लाडनावच नाही. उत्तरेकडची ना! आमच्यात प्रत्येकाला ठरलेल्या लाडनावांतलं एक असतं, मानाने-मायेने त्यानेच हाक मारायची. म्हटलं, "मी अब्वोली. तू आजपासून अकीकी. आता जेवायला बस."

९ मार्च
अंगणात सराव. मी न्यायाधीश — डोक्यावर टोपली! अकीकी वाकून म्हणते, "न्यायाधीश अब्वोली..."

मी विचारलं, "दिराची स्वतःची एवढी बाग आहे. त्याला हीच का हवी?"

"आजी, अपिलात हे नाही विचारत. पंचांपुढे जे बोललं गेलं, तेवढंच."

"मग मनातलं कुठे बोलायचं?"

"ते सरांनी अजून शिकवलं नाही," म्हणाली. मटोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, दोनदा वाढून घेतले लबाडीने.

१४ मार्च
दुपारी डोळा लागला. डोंगरावरचं धुकं बागेत उतरलेलं, आणि हे केळीखाली बसून भुईमूग सोलताहेत. मी म्हटलं, बाग जाणार बहुतेक. तर म्हणाले, शेंगा घे. जागी झाले, तरी हाताला ओल्या मातीचा वास!

१९ मार्च
दीर रस्त्यात भेटला. "काय कबाहेंडा, कुंपण वाढवलंस?" माझ्या नुसत्या नावाने! ह्यांच्या मयतानंतर मी बागेला कुंपण घातलं, तेव्हापासून लाडनाव टाकलंय त्याने. आमच्यात याहून मोठी शिवी नाही.

२६ मार्च
कोर्ट. अकीकीची पाळी आली. उभी राहिली आणि — "न्यायाधीश अब्वोली!"

मेले मी. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघताहेत. "मी अद्येरी. अब्वोली कोण?"

पोरीने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं! सगळे हसले. दीरसुद्धा. त्याचं हसू अगदी ह्यांच्यासारखं — विसरलेच होते.

मग मात्र पोर सुटली. पंचांनी माझं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, हे एकच धरून बसली. सोडेचना!

९ एप्रिल
बाग माझी! अकीकी फोनवर नुसती किंचाळत होती. बागेत जाऊन ह्यांना सांगितलं. येताना कुंपणाच्या भगदाडात काटेरी फांदी खोचली.

१० एप्रिल
सकाळी कुंपणाबाहेर दीर. टोपी हातात.

"अब्वोली... भावापाशी जरा बसू? पंचांपुढे हे कसं मागायचं, कळलं नाही गं."

फांदी काढली. म्हटलं, "ये अराली. शेंगा आहेत."