खुर्चीचा तिसरा पाय

रविवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. चित्रकाराची प्रगती कुठेतरी नोंदलेली असावी.

आमच्या जलरंग मंडळाचं वार्षिक प्रदर्शन ६ एप्रिलला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. गेली चार वर्षं माझं एकही चित्र घेतलेलं नाही. कारण उघड आहे. निवड एक दंतवैद्य करतो. यंदा माझं चित्र भिंतीवर लागणार, असं मेहुण्याला फोन करून सांगून टाकलं. तो म्हणाला, हे तुम्ही मागच्या वर्षीही सांगितलं होतंत. त्याला कलेतलं काही कळत नाही.

मंडळ म्हणजे सात जण, ड्रायक्लीनरच्या दुकानावरची एक खोली, आणि मळमळेल असा वास. दंतवैद्य महिनाभर 'सर्जनशील व्यायाम' घेणार आहे. आजचा: एक ब्रश, एक रंग, दहा मिनिटं. ब्रश बुडवायला पाणी दिलं ते दवाखान्यातल्या चूळ भरायच्या कपांतून. कप कोरे आहेत म्हणे. मी पाच मिनिटं कप धूत बसलो, म्हणून चित्र अर्धं राहिलं. नाहीतर उत्तम होतं.

संकल्प: कुणावर चिडायचं नाही. रोज सकाळी सहाला उठून एक चित्र.

सोमवार, ४ मार्च. सकाळी ८.४०

ब्रश न धुता ठेवल्यामुळे कडक झालाय. उद्यापासून.

रविवार, १० मार्च

किळसवाणा दिवस. आजचा व्यायाम: चित्र अर्धं झालं की शेजाऱ्याला द्यायचं आणि त्याचं आपण पुरं करायचं, तेही त्याच्याच ब्रशने. माझा शेजारी शिंपी. दोऱ्याचं टोक ओलं करावं तसा तो दर दोन मिनिटांनी ब्रश तोंडात घालून टोक काढतो. तो ब्रश मला हातात घ्यावा लागला. रुमालात धरला.

त्याचं चित्र बस डेपोचं. सगळ्या बस वाकड्या. मी तीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो. दुकानदाराचं वजन पाच ग्रॅमने घासलेलं असलं तरी मला नुसतं हातात घेऊन कळायचं. असल्या माणसाला वाकड्या बस सहन होत नाहीत. पट्टी घेतली आणि एकूण एक बस सरळ केली. शिंपी बराच वेळ चित्राकडे बघत बसला आणि जाताना ते तिथेच ठेवून गेला. भारावून गेला असणार.

गुरुवार, १४ मार्च

घरी सराव. ही म्हणाली, पाणी सांडू नका. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या चित्रकलेबद्दल हिने व्यक्त केलेलं हे एकमेव मत.

रविवार, १७ मार्च

गेलो नाही. डाव्या हाताने रंगवायचा व्यायाम होता. पोट बिघडलंय असं कळवलं. दुपारी खरंच बिघडलं. त्या कपांमुळेच.

रविवार, २४ मार्च

आज अन्यायही झाला आणि न्यायही.

व्यायाम असा: घरातलं माणूस आठवणीतून रंगवायचं. शेजारी एक जोडीदार. त्याला वाटलं चित्र झालं, की त्याने आपल्या हातातून ब्रश काढून घ्यायचा. मग एक टिंबही नाही. दंतवैद्य म्हणे, जलरंगाची वाट लागते ती कमी केल्याने नाही, जास्त केल्याने. माझ्या वाट्याला सिस्टर आल्या. निवृत्त नर्स आहेत, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मी हिला काढायला घेतली. खिडकीशी खुर्चीत बसून सुईत दोरा ओवते तशी, पाठमोरी. पाठ झाली. वाकलेली मान झाली. खिडकीच्या जागी कागद कोरा सोडला होता, तिथे नंतर पडदा घालणार होतो. खुर्चीचे दोन पाय झाले. तिसऱ्याला ब्रश टेकवणार, तोच सिस्टरांनी तो काढून घेतला, पेशंटच्या तोंडातून थर्मामीटर काढावा तसा. नववं मिनिट. मी म्हणालो, अहो, खुर्ची पडेल.

"इन्स्पेक्टर, झालंय," त्या म्हणाल्या. "हात मागे घ्या."

सगळे गोळा झाले. शिंपीसुद्धा तोंडातला ब्रश काढून बघत राहिला. दंतवैद्याने विचारलं, कोण या? मी सांगितलं. तो म्हणाला, हे प्रदर्शनात लागणार, फ्रेम करून आणा.

चार वर्षांनी याचे डोळे उघडले. पण उघडावेत कशावर, तर दोन पायांच्या खुर्चीवर?

संध्याकाळी ७

हिला दाखवलं. पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गॅसवरची भाजी करपली तरी हलली नाही. मग म्हणाली, "मी तुम्हाला अशी दिसते?"

मी म्हटलं, अजून चेहरा राहिलाय, पडदा राहिलाय.

"राहू दे. याला आता हात लावू नका."

नंतर आतल्या खोलीतून भावाला फोन करत होती. "अरे, मला काढलंय यांनी," असं दोनदा म्हणाली. मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

मंगळवार, २६ मार्च

ही भावाकडे गेली. तिच्या वहिनीच्या पायाचं ऑपरेशन आहे. प्रदर्शनाच्या दिवशी भावाला घेऊन परस्पर हॉलवर येणार. निघताना चित्राबद्दल पुन्हा बजावलं. माणसाने माणसावर थोडा विश्वास ठेवावा.

गुरुवार, २८ मार्च

फ्रेमवाल्याकडे निघालो होतो. जिन्यात सहज चित्राकडे नजर गेली. खुर्ची. वाचनालयात येणारी माणसं शिकलेली असतात, कुणीतरी विचारणारच. परत फिरलो. फक्त तिसरा पाय. याला हात लावणं म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात.

दुपारी ३

तिसरा झाला. आता चौथा नाही हे जास्तच डोळ्यांत खुपतं.

शुक्रवार, २९ मार्च

चौथा पाय जाड झाला. म्हणून बाकीचे तिन्ही जाड केले. खुर्ची आता भक्कम आहे, पण तिच्यावर ही अगदीच किडकिडीत वाटते. खांदे थोडे भरले.

रविवार, ३१ मार्च

मंडळात गेलो नाही. कामात आहे.

पडदा घातला. खोलीत अंधार झाला, म्हणून एक दिवा काढला. आता प्रश्न असा की पाठमोरी बाई कुणीही असू शकते. हिची मान वळवली आणि चेहरा काढला. मेहुण्याचा आला. सख्खी भावंडं आहेत, साम्य असणारच.

मंगळवार, २ एप्रिल

चेहरा उतरवायला कागद नळाखाली धरला. रंग निघाला नाही, कागदाची साल निघाली. ओल्या लगद्याच्या वळ्या बोटांना चिकटल्या. शिसारी आली. पांढऱ्या रंगाची ट्यूब आणली. जलरंगात पांढरा थापणं म्हणजे पारड्याखाली मेण चिकटवणं. असल्या लोकांवर मी खटले भरलेत.

पण इथे ग्राहकाचं नुकसान नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

फ्रेमवाल्याने विचारलं, वरची बाजू कुठली? दुकान बदलायला हवं.

शनिवार, ६ एप्रिल. सकाळी ११

चित्र पोचवलं. दंतवैद्याने ते दिव्याखाली धरलं आणि विचारलं, ते दुसरं कुठे आहे? मी म्हणालो, हेच ते. माझ्या नावाचं कार्ड छापून झालं होतं, म्हणून नाइलाजाने लावलं, स्विचबोर्डाशेजारी. सिस्टर आल्या, चित्र पाहिलं, मग माझे हात पाहिले. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

संध्याकाळी ८.३०

ही पाच वाजता आली. ठेवणीतली साडी. सोबत मेहुणा. चष्मा पर्समध्ये होता, त्यामुळे कार्डं वाचत नव्हती. भिंतीच्या एका टोकापासून निघाली. माझ्या चित्रापुढे थांबली, "ही बाई आजारी आहे का रे?" असं भावाला हळूच विचारलं आणि पुढे गेली. दुसऱ्या टोकापर्यंत गेली. तिथून परत फिरली.

ती पोचायच्या आत मी चित्राला पाठ लावून उभा राहिलो. कार्डही खांद्याआड घेतलं.

"माझं कुठे लावलंय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, जागा पुरली नाही.

तिचा चेहरा उतरला. मेहुणा दुसरीकडे बघायला लागला. मग हीच मला समजवायला लागली. "जाऊ दे, मनाला लावून घेऊ नका. बरंच झालं. घरी लावू, माझ्या खिडकीशेजारी. मला रोज दिसेल."

चला म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मला इथे काम आहे. हॉल आठला बंद झाला. तोवर तिथून हललो नाही.