सोमवारी घाट चढणाऱ्या ट्रकच्या ब्लोअरबाबत

प्रति,
मा. वाहन अधीक्षक,
मध्यवर्ती भांडार, वाहन विभाग.

मार्फत : फोरमन, वर्कशॉप (हे अर्जदाराचे व्याही लागतात. त्यास अर्जदाराचा इलाज नाही.)

विषय : ट्रक क्रमांक सातच्या हीटर व एसीचा ब्लोअर बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : ‘ब्लोअर सुस्थितीत आहे’ असा वर्कशॉपचा दाखला, आणि त्यावरून अर्जदारास घाटाच्या ड्यूटीवरून काढून गेटवर बसवण्याचा आपला आदेश.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा ट्रक क्रमांक सातचा चालक असून सदर ट्रकमध्ये हीटर आणि एसी या दोहोंचा वारा फेकणारा ब्लोअर एकच आहे. एकच असल्याने तो दोन्ही कामे बिघडवतो. उन्हाळ्यात एसी लावला की अंडी उकडतील अशी हवा येते. थंडीत हीटर लावला की नुसता आवाज येतो, आणि आवाजाने कोणाला ऊब आल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

२. सदर आवाज पूर्वी कण्हण्याचा होता. पुढे तो कुरकुरीवर आला. आता ब्लोअर असा किंचाळतो की पुढच्या गाड्या रुग्णवाहिका समजून बाजूला होतात. मागे एका चौकात वाहतूक पोलिसाने चारी रस्ते अडवून अर्जदारास वाट दिली आणि वर सलाम ठोकला. अर्जदाराने तो स्वीकारला, हे कबूल आहे. ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला की अर्जदाराची बायको चहाचे आधण ठेवते आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. गेल्या महिन्यात ब्लोअरच्या जाळीतून एक उंदरीण पिलांसकट बाहेर पडली, क्लीनरकाकांच्या मांडीवर घटकाभर टेकली आणि पहिल्याच थांब्यावर उतरून गेली. तिला बदलीच्या आदेशाची गरज भासली नाही.

३. इथवर हसण्यावारी नेता येईल. खरी अडचण समोरच्या काचेची आहे. घाटात बाहेर कडाक्याची थंडी, आत दोन माणसांचे श्वास, आणि काचेवर वारा नाही. त्यामुळे काच आतून दुधासारखी होते. क्लीनरकाका फडक्याने पुसतात आणि वाटीएवढी जागा मोकळी होते, तेवढ्यातून अर्जदार घाट पाहतो. काका बोलले की वाफ वाढते, म्हणून त्यांना घाटात बोलण्यास मनाई केली आहे. बोलले नाहीत की त्यांना झोप लागते. झोप लागली की ते घोरतात, आणि घोरण्याची वाफ बोलण्याच्या वाफेहून दाट असते.

४. आता दाखल्याविषयी. वर्कशॉपची रीत अशी की, ट्रक शेडमध्ये उभा करायचा, ब्लोअरच्या जाळीला लाल फीत बांधायची, आणि फीत हलली की ब्लोअर पास. फोरमनसाहेबांना उकाडा सोसत नाही. ते शेडमध्ये जिथे जातील तिथे एक भला मोठा उभा पंखा त्यांच्यामागून सरकवला जातो. तपासणीच्या वेळी तो कॅबिनच्या उघड्या दारात होता. फीत हललीच, तिच्याबरोबर काकांचे उरलेसुरले केसही हलले. ब्लोअरचे बटण दाबायचे राहिले आहे, असे अर्जदाराने अदबीने सुचवले. त्यावर फोरमनसाहेब चारचौघांत म्हणाले, “व्याही, फीत खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.” अर्जदार पडला मुलीचा बाप. त्याने मान खाली घातली, आणि त्याच दिवशी ‘चालक घाट टाळण्यासाठी सबबी सांगतो’ असा अहवाल आपल्याकडे आला.

५. गेटवर बसण्यास अर्जदाराची हरकत नाही. तिथे खुर्ची आहे, ऊन येते, आणि गेट स्वतःहून कुठे जात नाही. परंतु सोमवारपासून अर्जदाराच्या जागी ट्रकवर नेमलेला चालक हा फोरमनसाहेबांचा मुलगा, म्हणजे अर्जदाराचा जावई आहे. पोराचा हात चांगला आहे. मात्र थंडीतला घाट त्याने अजून पाहिलेला नाही, आणि या ब्लोअरवर तो त्याला दिसणारही नाही.

६. म्हणून काल अर्जदार व्याह्यांच्या घरी गेला. पाहुणचार यथास्थित झाला. दाखल्याचा विषय निघताच व्याही वर्तमानपत्रात शिरले. एकदा दिलेला दाखला मागे घेतला तर उद्या सगळे चालक डोक्यावर बसतील, असे त्यांचे आतूनच म्हणणे पडले. अर्जदाराची मुलगी तेव्हा कपबशा उचलत होती. ती सासऱ्यांना शांतपणे म्हणाली, “मामंजी, ती फीत ह्यांच्याजवळ द्या सोमवारी. काच दिसेनाशी झाली की तिच्याकडे बघून चालवतील.”

अर्जदार निघाला तेव्हाही व्याह्यांसमोर वर्तमानपत्राचे तेच पान होते.

७. सबब विनंती की, सदर ब्लोअर सोमवारच्या आत बदलण्यात यावा. ते जमत नसल्यास अर्जदारास गेटऐवजी त्याच ट्रकवर ब्लोअर म्हणून नेमावे. अर्जदार काच पुसेल, फुंकर घालेल, उन्हाळ्यात पुठ्ठ्याने वारा घालेल, आणि किंचाळणार नाही. जावयाच्या गाडीत सासऱ्याने फडके घेऊन बसणे चारचौघांत कमीपणाचे दिसेल, हे अर्जदार जाणतो. पण दरीत मानपान कोणी विचारत नाही, आणि मुलीला तोंड दाखवायचे ते अर्जदाराला.

आपला नम्र, आणि सोमवारपर्यंत झोप नसलेला,
चालक, ट्रक क्रमांक सात
शुक्रवार

सोबत : १. दाखल्याची प्रत. २. काच पुसण्याचे फडके (अद्याप ओले).

फोरमन यांचा शेरा :

अर्ज पुढे पाठवत आहे. माझा दाखला कायम आहे. ब्लोअर सुस्थितीत असून तो सध्या माझ्या टेबलावर आहे. आज सकाळी मीच तो ट्रकमधून उतरवला. ब्लोअरच नसलेला ट्रक घाटात सोडता येत नाही, असा नियम आहे. नवा येईपर्यंत हा परत बसवला जाणार नाही. माझ्या हातून तर नाहीच.