उधाणची पहिली कॅसेट

सातपाटी
१२ जानेवारी १९८८

प्रिय नवशादादा,

तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. आई तर ठणठणीत आहे, परवाच शेजारच्या काशीबाईशी भांडून आली आणि जिंकून आली.

आमची कॅसेट निघाली. तू सुरतेच्या बँडात ड्रम वाजवायला गेलास, त्यानंतर बोईसरच्या कारखान्यातली दोन पोरं गिटार घेऊन आली आणि म्हणाली, तुमची फुंकायची वाद्यं, आमच्या गिटारी, रॉक बँड काढू. नाव ठेवलं ‘उधाण’. मी सॅक्सोफोनवर, बाबा ट्रंपेटवर. बासष्टाव्या वर्षी माणूस रॉकवाला झाला, तोही वरातीचा लाल कोट घालून.

रेकॉर्डिंग दादरला होतं. बाबांना एका जागी उभं राहून वाजवताच येईना. चाळीस वर्षं वरातीत चालत वाजवलेलं, पाय थांबले की फुंकही थांबायची. शेवटी रेकॉर्डिंगवाल्याने त्यांना बूट काढायला लावले आणि पायाखाली गोधडी घातली. बाबा तिच्यावर जागच्या जागी चालत राहिले. तरी तिसऱ्या गाण्यात धपधप ऐकू येतेच. आम्ही पोट धरून हसलो होतो. तेव्हा मला हसू यायचं.

कॅसेटला बरंवाईट दोन्ही ऐकावं लागलं. बोईसरच्या पोरांनी डोक्यावर घेतली. आपल्याकडच्या बायका म्हणाल्या, "हळदीला चालत नाय, वरातीला चालत नाय, मग लावायची कवा?" मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात चार ओळी आल्या. वाद्यांत असा जोर आपल्याकडे पूर्वी ऐकला नाही, गाणी मात्र उसनी वाटतात, आणि म्हातारा ट्रंपेटवाला ताल सोडून सारखा मागे राहतो.

बाबांनी विचारलं, काय लिवलंय. मी पहिली ओळ खरी सांगितली आणि शेवटची उलटी केली. म्हटलं, म्हाताऱ्याने तरुणांना मागे टाकलं असं लिहिलंय. त्यांनी कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोटाच्या खिशात ठेवलं आणि भेटेल त्याला दाखवायला लागले. इंग्रजी वाचणारे आपल्याकडे कितीसे, म्हणून मी निर्धास्त होतो. वाणगावच्या एका लग्नात नवरीच्या मामाने ते मांडवात मोठ्याने वाचलं, वर मराठीत समजावूनही सांगितलं. भला माणूस, बाबांना मजकूर ठाऊक असेल असंच त्याला वाटलं.

बाबांनी वरात शेवटपर्यंत वाजवली. घरी आल्यावर ट्रंपेट ट्रंकेत ठेवलं, त्याला दोन महिने झाले. दिवसभर बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली बसून कावळे हाकतात. तुमचा ताल ठीक आहे, असं मी दहादा म्हटलं. "तू नको सांगू. तुजं आयकलं मी," एवढंच बोलले. चिडले असते तर बरं झालं असतं. मला रडूही येत नाही रे. बोईसरला ड्युटीला जातो, येतो, जेवतो. सॅक्सोफोन हातात घेतला तर नुसतं लोखंड धरल्यासारखं वाटतं. आत काही हलतच नाही.

परवा जेवताना ते आपणहून बोलले. "नवशाला कॅसेट पाठव. तो तोंडावर सांगतो." दादा, एडवणच्या त्या वरातीनंतर तू तोंडावरच सांगितलं होतंस, बाबा, ताल सुटतोय. मलाही ऐकू आलं होतं. पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी म्हणालो की दादाचाच ड्रम पुढे पळतो. दुसऱ्या दिवशी तू सुरतेच्या गाडीत बसलास. तू खरं बोलत होतास. हे मी आज बाबांनाही सांगितलं, त्यांनी फक्त मान हलवली. कॅसेट पार्सलने पाठवली आहे. ऐक, आणि उत्तर मला नको, त्यांना लिही. चुकतंय तिथे चुकतंय म्हण, बरं असेल तर तेही लिही. अक्षर मात्र मोठं काढ. हल्ली ते माझ्याकडून काही वाचून घेत नाहीत.

तुझाच,
कमलाकांत